भीती आणि हसू एकाच खोलीत : विनोदी भयपट आणि त्यांचे पुढचे भाग

(आमच्या चित्रपट अभ्यासगटाने दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मागच्या खेपेला आपण निखळ भयपटांबद्दल बोललो होतो. तेव्हा शेवटी एका श्रोत्यानं विचारलं, की ज्या सिनेमात भूत येतं आणि लोक घाबरायच्या ऐवजी हसतात, तो सिनेमा फसला असं समजायचं का? प्रश्न चांगला होता, आणि आम्ही त्याला उडवाउडवीचं उत्तर दिलं होतं. घरी गेल्यावर ते आम्हालाच टोचायला लागलं. म्हणून आजचा विषय तोच घेतलाय.

विषय म्हणजे असे सिनेमे, की जे घाबरवतात, हसवतात, आणि लोक ते दहा-दहा वेळा बघतात. त्यांना ‘कल्ट’ म्हणतात. आणि त्यांचा दुसरा भाग येतो, तिसरा येतो. तो बघून आपण घरी येताना म्हणतो, ‘पहिल्याची मजा नाही,’ आणि चौथ्याचं तिकीट काढतो. हे काय आहे?

आधी ‘कल्ट’ शब्दाचा निकाल लावू. खूप चाललेला सिनेमा म्हणजे कल्ट नव्हे. खूप चाललेला सिनेमा लोक बघतात, आवडतो, विसरतात. कल्ट सिनेमाचे प्रेक्षक त्याच्यावर मालकी सांगतात. वाक्यं पाठ असतात. नवीन माणसाला शेजारी बसवून दाखवतात, आणि पडद्याकडे न बघता त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात. हे तुम्ही सगळ्यांनी केलेलं आहे. (हशा)

आता एक नमुन्याचं उदाहरण. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली तीन पोरं. सॅम रायमी, ब्रूस कॅम्पबेल, रॉबर्ट टॅपर्ट. विशीतली. हातात पैसा नाही. 1978 मध्ये त्यांनी ‘विदिन द वूड्स’ नावाची एक छोटी फिल्म केली, ती कशासाठी? तर लोकांना दाखवून पैसे गोळा करायला. मग टेनेसी राज्यातल्या मॉरिसटाउनजवळ जंगलातल्या एका पडक्या लाकडी घरात चित्रीकरण केलं. कॅमेरा सरकवायला महागडी यंत्रणा नव्हती, तर त्यांनी कॅमेरा फळीवर बसवला आणि फळीची दोन टोकं धरून दोघं जण झाडीतून धावले. जंगलातून काहीतरी जमिनीलगत धावत येतंय, असं जे दिसतं ना, ते हे. 1981 मध्ये डेट्रॉइटला ‘द ईव्हिल डेड’ पहिल्यांदा दाखवला गेला. पुढच्या वर्षी कानला स्टीफन किंगनं तो बघितला, त्याची जाहीर तारीफ केली, आणि सिनेमाचं नशीब फिरलं. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटवरच्या हिंसेविरुद्ध मोठी ओरड झाली, त्यात या सिनेमाचं नाव पुढे होतं. बंदी म्हटली की पोरं शोधत येणारच.

पण पहिला ‘ईव्हिल डेड’ मुळात विनोदी नाही. पाच तरुण जंगलातल्या घरात जातात, एक जुनं पुस्तक आणि टेप सापडते, टेप लावतात, मंत्र ऐकू येतो, आणि एकेक जण पछाडला जातो. रक्त इतकं, की काही ठिकाणी आपल्याला हसू फुटतं, पण ते हसू ‘अती झालं’चं आहे. रायमीच्या बहुतेक ते ध्यानात आलं असावं. कारण 1987 मध्ये दुसरा भाग आला, तेव्हा त्यानं तेच हसू मुद्दाम हातात घेतलं.

दुसऱ्या भागातला एक प्रसंग सांगतो, कारण आजचं सगळं व्याख्यान त्याच्यावर उभं आहे. नायक अ‍ॅश. त्याचा स्वतःचा उजवा हात पछाडला जातो. तो हात त्याच्याच डोक्यात बशा फोडतो, त्याला केस धरून ओढतो. शेवटी अ‍ॅश यांत्रिक करवतीनं तो हात मनगटापासून कापून टाकतो. तुटलेला हात पळू नये म्हणून त्याच्यावर बादली पालथी घालतो, आणि बादलीवर वजन म्हणून पुस्तकं ठेवतो. सगळ्यात वरचं पुस्तक कुठलं, तर हेमिंग्वेचं ‘अ फेअरवेल टू आर्म्स’. इंग्रजीत ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रंही आणि हातही. निरोप हाताला!

हा झाला विनोद. बघणारा हसतो. पण पुढे काय होतं बघा. दमलेला अ‍ॅश खुर्चीत बसतो, खुर्ची मोडते, तो धाडकन खाली. आणि भिंतीवर टांगलेलं हरणाचं मुंडकं मान वळवून हसायला लागतं. मग टेबलावरचा दिवा हसतो. पुस्तकं हसतात. अख्खी खोली खदाखदा हसते. आणि अ‍ॅशही हसायला लागतो. त्यांच्याबरोबर, त्यांच्याच सुरात. हसता हसता ते हसणं कधी किंकाळी होतं, सांगता येत नाही.

म्हणजे आत्ता, एका मिनिटापूर्वी, आपण हसलो होतो. आता पडद्यावरचं भूत आपल्यासारखंच हसतंय. आपलं हसणं आणि त्याचं हसणं एकच आहे. आमच्या मते विनोदी भयपटाचं सगळं मर्म या खोलीत आहे.

नेहमीचं स्पष्टीकरण काय असतं? की भीतीनं ताण येतो आणि विनोदानं तो सुटतो. प्रेशर कुकरची शिट्टी. हे खोटं नाही. पण अपुरं आहे. पहिल्यांदा बघताना ताण असतो, मान्य. दहाव्यांदा बघताना कुठला ताण? कुठल्या दाराआड काय आहे ते पाठ असतं. तरी आपण बघतो. आणि ज्या सिनेमात विनोद फक्त शिट्टीचं काम करतो, म्हणजे भीतीचा एक प्रसंग, मग विनोदी नोकराचा एक प्रसंग, परत भीतीचा, तो सिनेमा आपण दहाव्यांदा कधीच बघत नाही. तिथं भीती आणि हसू वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. चांगल्या विनोदी भयपटात दोघं एकाच खोलीत राहतात, एकाच वस्तूतून येतात. तोच हात हसवतो, तोच हात गळा धरतो.

आपल्याला हे नवीन नाही बरं का. कोकणातला दशावतार आठवा. सुरुवातीला संकासुर येतो. काळे कपडे, तो भयंकर मुखवटा. वेद पळवणारा राक्षस तो. पण तो रंगमंचावर काय करतो? थट्टा करतो, प्रेक्षकांची फिरकी घेतो. पुढच्या रांगेतली पोरं त्याला बघून आईच्या पदराआड जातात, आणि पदराआडूनच हसतात. शिमग्यातही हा संकासुर पोरांच्या मागे लागतो, आणि पोरंच त्याला आधी डिवचतात. आणि दशावताराची गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक नसते का? असते की. तरी दरवर्षी जत्रेला माणूस रात्रभर बसतो. ‘पुढे काय’ हा प्रश्नच नसतो. ‘यंदा कसं’ हा प्रश्न असतो.

इथून आपण सिक्वेलकडे येऊ.

‘ईव्हिल डेड’च्या दुसऱ्या भागाची सुरुवात बघा. पहिल्या सिनेमातली दृश्यं वापरायचे हक्क मिळाले नाहीत. मग रायमीनं काय केलं? पहिला सिनेमा पहिल्या काही मिनिटांत पुन्हा चित्रित केला. पण पाच मित्रांऐवजी आता फक्त अ‍ॅश आणि त्याची मैत्रीण लिंडा. बाकीचे तिघे गेले कुठे? ते कधी नव्हतेच. चाहते आजही यावर वाद घालतात, की हा पुढचा भाग की तोच सिनेमा परत? आमचं म्हणणं, अडचणीतून का होईना, सिक्वेलचं खरं रूप इथं उघडं पडलं. असा सिक्वेल गोष्ट पुढे नेत नाही, तीच परत सांगतो. संकासुर परत येतो.

मग फसतो कुठे? आम्ही दोन साध्या कसोट्या लावून बघितल्या. एक, भुताचे नियम पक्के आहेत का? दोन, कुणाचं काही जाऊ शकतं का? विनोद कितीही करा, पण हात तुटला तर तो तुटलेला राहिला पाहिजे. अ‍ॅशचा हात परत येत नाही. तो त्या जागी करवत बसवतो, आपण टाळ्या वाजवतो, पण हात गेला तो गेलाच.

तिसरा भाग ‘आर्मी ऑफ डार्कनेस’, 1992 चा. अ‍ॅश मध्ययुगात जाऊन पडलाय. सांगाड्यांची फौज, लढाया, फुशारकीची वाक्यं. आम्हाला आवडतो, खोटं कशाला बोला. पण भीती गेलेली आहे, कारण अ‍ॅशचं आता काही जाऊ शकत नाही, तो हिरो झालाय. गंमत म्हणजे त्याचे दोन शेवट आहेत. रायमीच्या मूळ शेवटात अ‍ॅश परत यायला औषधाचे थेंब घेतो, मोजण्यात चुकतो, जास्त झोपतो, आणि उठतो तेव्हा जग उद्ध्वस्त झालेलं. एका मूर्खपणाची पुरेपूर किंमत. स्टुडिओला तो नको होता. मग दुसरा शेवट केला, त्यात अ‍ॅश आपल्या दुकानात परत येतो, एका भुताला गोळ्या घालतो, मुलीला मिठीत घेतो. पहिल्या शेवटात विनोद आणि भीती एकाच चुकीतून येतात. दुसऱ्यात फक्त विजय आहे. चाहते पहिल्याला का जपतात, याचं उत्तर दुसऱ्या कसोटीत आहे.

आता घरी येऊ. ‘झपाटलेला’. (टाळ्या) बघा, अजून नावच घेतलंय.

1993. महेश कोठारे दिग्दर्शक. गुंड तात्या विंचू मरता मरता मृत्युंजय मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. मूळ कल्पना 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी सिनेमाची, हे लपलेलं नाही. ‘मग नक्कल झाली की!’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण काय बदललं ते बघायचं राहून जातं.

‘चाइल्ड्स प्ले’मध्ये बाहुला एका सहा वर्षांच्या मुलाकडे येतो. मुलगा सांगतो बाहुला जिवंत आहे, मोठी माणसं ऐकत नाहीत. भीती अशी, की मुलाच्या शब्दाला किंमत नाही. मराठीत त्या मुलाच्या जागी लक्ष्या आलाय, लक्ष्मीकांत बेर्डे. पुरा बाप्या माणूस, पण त्याच्याही शब्दाला कुणी किंमत देत नाही. का? तर तो लक्ष्या आहे. भोळा, धांदरट, सगळ्यांनी हसण्यावारी न्यायचा माणूस. ज्या गुणांमुळे आपण त्याला हसतो, त्याच गुणांमुळे त्याचं कुणी खरं मानत नाही. म्हणजे आपलं हसणंच त्याला एकटं पाडतंय. तीच हसणारी खोली. फक्त भिंतीवर हरीण नाही, खुर्चीत आपण आहोत.

दुसरा बदल आणखी मोलाचा. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा नाद आहे. आणि तात्या विंचूचा बाहुला केला कुणी? रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्यापासून अर्धवटराव महाराष्ट्राच्या घराघरात पोचलेला. शब्दभ्रमाच्या खेळात गंमत कशाची असते? बाहुला निर्जीव आहे हे ठाऊक असूनही तो आपल्या मालकाला उलटून बोलतो, त्याची। म्हणजे मालकाचीच टर उडवतो, याची. आपण अर्धवटरावाला हसत आलो ते यासाठीच. ‘झपाटलेला’ त्याच हसण्याच्या आत हात घालून विचारतो, की समजा तो खरंच बोलत असेल तर? भीतीसाठी बाहेरून काही आणावंच लागलं नाही. ती त्या खेळात आधीपासून बसलेली होती. आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. त्या आवाजात म्हाताऱ्या खोडकरपणाच्या तळाशी खरोखरचं विष आहे.

नियमही पक्के. ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं, त्याच्याच शरीरात जाता येईल. म्हणजे लक्ष्याच्या. दोन्ही कसोट्यांना उतरला.

‘झपाटलेला 2’ आला 2013 मध्ये, वीस वर्षांनी. थ्रीडीमध्ये. तात्या विंचू होता, प्रभावळकरांचा आवाज होता. लक्ष्या नव्हता. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 च्या डिसेंबरात गेले. आता त्यांच्या मुलाच्या पिढीची गोष्ट.

आमच्यातल्या काही जणांनी तो थेटरात बघितलाय. तात्या विंचू पडद्यावर आला आणि शिट्ट्या पडल्या. घाबरायच्या जागी टाळ्या. लहानपणी ज्याच्यामुळे कपाटावरच्या बाहुल्यावर चादर टाकून झोपायचो, तो आता गावाकडून आलेल्या काकासारखा वाटला. चकीचंही तेच झालं, 1998 च्या ‘ब्राइड ऑफ चकी’पर्यंत तो जवळपास घरचाच झाला होता. याला दोष देता येत नाही. वीस वर्षं ज्याची नक्कल केली त्याला घाबरणार कसं?

पण आम्हाला खटकलं ते वेगळंच. त्या थेटरात खरी पोकळी भुताची नव्हती, घाबरणाऱ्याची होती. तात्या विंचू परत आणता येतो, तो लाकूड, रबर आणि आवाज आहे. पण भिऊन बोबडी वळलेला, ‘अहो, खरंच सांगतोय’ म्हणत गावभर पळणारा माणूस परत आणता येत नाही. इतकी वर्षं आपण समजत होतो, हा सिनेमा बाहुल्याचा आहे. तो बेर्डेंचा होता. बाहुला त्यांच्या चेहऱ्यात जिवंत होता. हे कळायला सिक्वेलच बघावा लागला. फसलेल्या सिक्वेलचा हा एक उपयोग समजा, पहिल्यात नेमकं काय होतं ते तो दाखवून देतो.

आता हिंदीत या प्रकाराचं पेव फुटलंय. ‘स्त्री’ 2018 चा, अमर कौशिकचा. चंदेरी गाव. रात्री पुरुषांनी बाहेर पडायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, कुणी हाक मारली तर मागे बघायचं नाही. बायकांना आयुष्यभर सांगितल्या जाणाऱ्या सूचना पुरुषांना लागू केल्या, बस्स. विनोद तिथंच, भीतीही तिथंच. शेवटी भिंतीवरचं ‘कल आना’ पुसून ‘रक्षा करना’ होतं. म्हणजे भुताला घरचं करणं इथंही आहे, पण ते गोष्टीच्या आतून आलंय. गावानं आपली चूक कबूल केली म्हणून. 2024 च्या दुसऱ्या भागात मग नवा राक्षस लागला, सरकटा. स्त्री रक्षणकर्ती झाली की भीती दुसरीकडून आणावीच लागते. मुंडकं नसलेला तो राक्षस बायका पळवतो, तेव्हा हसण्याची जागा आणि भिण्याची जागा पुन्हा दोन खोल्यांत जातात. सिनेमा प्रचंड चालला. पण पहिल्यातली ती एक चपराक त्यात नाही, असं आमचं मत.

त्याच वर्षीचा ‘मुंज्या’, आदित्य सरपोतदारांचा. ‘झोंबिवली’ही त्यांचाच. मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्याला लग्न हवंय. हट्टी पोरासारखं हवंय. हट्ट हसवतो, आणि पोर मेलेलं आहे म्हणून तोच हट्ट घाबरवतो. एकच खोली. आता एकमेकांत गुंफलेले अनेक सिनेमे काढायचा घाट आहे. आमची काळजी इतकीच, की सिनेमा संपल्यावर पुढच्याची जाहिरात दिसणार हे ठरलेलं असलं, की कुणाचंच काही जाणार नाही हेही ठरून जातं.

शेवटचा मुद्दा, आणि हा थोडा अवघड आहे. या सिनेमांवर प्रेम करणारे आम्ही एक गोष्ट टाळत आलो. पहिल्या ‘ईव्हिल डेड’मध्ये जंगलातली झाडं एका मुलीवर अत्याचार करतात असा प्रसंग आहे. रायमीनं पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे कॅसेटवर हा सिनेमा फिरला तेव्हा पोरांच्या घोळक्यात त्या प्रसंगालाही हशा पडायचा. आम्हीही त्या घोळक्यात होतो. हसत होतो. कशाला, ते विचारलं नाही.

हे इथं का सांगतोय? कारण ‘सगळे मिळून हसतात’ याचं आम्ही आत्तापर्यंत कौतुक केलं. पण सगळे मिळून हसतात तेव्हा त्या खोलीत कुणीतरी एक जण हसत नसतं. चांगला विनोदी भयपट आपल्याला त्या एकाजवळ नेऊन बसवतो, अ‍ॅशजवळ, लक्ष्याजवळ. वाईट विनोदी भयपट आपल्याला भिंतीवरच्या हरणाजवळ बसवतो, आणि सांगत नाही की आपण हरणाजवळ बसलोय. दुसऱ्या भागात रायमीनं झाडांचा हल्ला ठेवला, तो अत्याचार काढून टाकला, आणि मार खाण्याचं सगळं काम नायकाच्या अंगावर घेतलं. तिथं हसताना आपल्याला लाज वाटत नाही, याचं कारण नुसतं रक्त कमी-जास्त असण्यात नाही. मार कुणाला बसतोय आणि आपण कुणाच्या बाजूला आहोत, यात आहे.

तर मागच्या खेपेच्या त्या श्रोत्याला उत्तर. भूत आलं आणि लोक हसले, तर सिनेमा फसला का? नाही. हसल्यानंतर एखाद्या क्षणी ते हसणं त्यांच्या स्वतःच्याच कानांना कसंतरी लागलं, तर जमला. नाही लागलं, तर ती करमणूक झाली, तिच्याशी आमचं भांडण नाही.

आणि पुढचा भाग आला की बघायला जाणार का? जाणार. (हशा) पण या वेळी भुताकडे कमी आणि घाबरणाऱ्याकडे जास्त बघू. तो खरोखर घाबरला, तर आपलं काम झालं.

प्रश्न घेऊ.